परिचारिकेचा अभ्यास आणि मनाचे भय

(आपल्या ज्ञातिसमाजाच्या वेंगुर्ले येथील वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी विद्यार्थ्यांना चार शब्द सांगण्याचे काम आपण आमच्यासारख्या निवृत्त परिचारिकेवर सोपविलेत, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. व्यासपीठाची आम्हांस सवय नाही. आमचे बहुतेक आयुष्य रुग्णांच्या दोन खाटांमधील हातभर रुंदीच्या वाटेत गेले आणि उरलेले नव्या मुलींना तीच वाट दाखविण्यात गेले. तेव्हा वक्तृत्वाची अपेक्षा न ठेवता, घरातील वडील माणूस बोलते आहे असे समजून आपण हे ऐकावे, अशी प्रारंभीच विनंती आहे.

आज ज्यांचा सत्कार झाला त्यांत नर्सिंगच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळालेल्या काही मुली आहेत, आणि एक मुलगाही आहे. आमच्या लहानपणी असे दृश्य या मंडपात दिसणे शक्य नव्हते. आपल्या वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक इस्पितळ होते. तेथील डॉ. रॉबर्ट गोहीन यांचे चिरंजीव रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन १९१९ साली याच गावी जन्मले, पुढे ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे राजदूत म्हणून भारतात राहिले. ही गोष्ट आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण त्या इस्पितळातील औषध आपल्या लोकांनी आनंदाने घेतले, शुश्रूषाही घेतली, आणि आपली मुलगी त्या कामास पाठवावी असे म्हणणारा मनुष्य मात्र ज्ञातीत मिळणे कठीण होते. परक्याचा स्पर्श, रात्रपाळी, आणि मुलीचे लग्न जुळावयाचे कसे, ही तीन कारणे पुढे केली जात. १८९१ साली शिक्षणासाठी आलेली पहिली हिंदी परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत असे. त्या एका ओळीपलीकडे त्यांच्याविषयी कोणी काही सांगत नसे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा त्यांनाही लोकापवादाशी झगडावे लागले. तो झगडा आता बराचसा संपला आहे. आज आपल्याच ज्ञातीतील वडील मुलीचे प्रवेशपत्र घेऊन आमच्याकडे येतात आणि ‘परदेशी जाण्यास कोणता अभ्यासक्रम बरा’ असे विचारतात. काळ असा बदलतो.

आज आम्हांस ज्याविषयी बोलावयाचे आहे, ती अडचण प्रवेशानंतरची आहे.

गेल्या चैत्रात एक माता ओल्या काजूगरांची पुडी हातात घेऊन आपल्या मुलीसह आमच्या घरी आली. मुलगी घरापासून दूर वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. सुट्टीचे दिवस नव्हते, तरी ती परत आली होती, आणि येताना सामानाची पेटीही घेऊन आली होती. पेटी आणली यावरूनच आम्ही काय ते समजलो. ‘मावशे, ह्या चेडवाक तूच काय ता सांग,’ एवढे बोलून आई स्वयंपाकघरात आमच्या सुनेकडे जाऊन बसली. मुलगी बराच वेळ फरशीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘माका ह्यां जमाचां नाय.’

न जमणारी गोष्ट म्हणजे औषधशास्त्र. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बी. एस्सी. नर्सिंगच्या सत्रपद्धतीच्या नव्या अभ्यासक्रमात हा विषय तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांत शिकवितात. परंतु त्याची दहशत वरच्या वर्गातील मुली पहिल्या दिवसापासूनच नव्या मुलींच्या मनात भरवून देतात. शेकडो औषधांची नावे, प्रत्येकाची मात्रा, ते शरीरात काय करते, कोणास देऊ नये, दिल्यावर कशावर लक्ष ठेवावे, हे सारे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीस प्रथम शब्दच अडतात आणि शब्द सुटेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. या मुलीने सांगितले, की औषधांचा ट्रे हातात घेतला की हात थंडगार पडतात, तळवे घामाने भिजतात, छातीत धडधडते आणि वाचलेले सारे नाहीसे होते. रात्री दोन वाजता जाग येते, मग ती वही उघडते आणि एकच पान सकाळपर्यंत वाचीत राहते.

आम्ही तिची समजूत घातली नाही. समजूत घालणारे तिच्या घरी पुष्कळ होते. आम्ही तिला शिक्षिकेच्या आवाजात विचारले, ‘हातपाय थंड, अंगाला घाम, तोंडाला कोरड, नाडी जलद. कोणत्या द्रव्याने असे होते, सांग पाहू.’ ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, ‘ऍड्रेनॅलिन.’ ज्या मुलीस औषधशास्त्र येत नव्हते, तिने हे उत्तर दिले.

ऍड्रेनॅलिन हे आपल्याच शरीरात, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींत तयार होते. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. वॉर्डातील तातडीच्या ट्रेमध्ये त्याची काचेची लहानशी नळी असते, एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने एखाद्या रुग्णाचा श्वास कोंडला, रक्तदाब कोसळला, तर प्रौढ माणसाच्या मांडीच्या स्नायूत त्यातील अर्धा मिलिलिटर देतात, आणि मरणाच्या दारातून मनुष्य परत येतो. म्हणजे ज्या द्रव्याने या मुलीचे हात थंड पडत होते, तेच द्रव्य तिच्या हातातील ट्रेमध्ये जीवदान देण्यासाठी ठेवलेले होते. हे तिला सांगितले तेव्हा ती प्रथमच आमच्याकडे वर मान करून पाहू लागली.

मग आम्ही तिला विंचवाची गोष्ट सांगितली. कोकणातल्या माणसाला लाल विंचू परका नाही. लाकडाच्या ढिगात, पायताणात, पावसाळ्याच्या तोंडी अंगणात तो असतो. त्याच्या विषाने शरीरातील ऍड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये यांचा एकदम पूर लोटतो. दंश झालेले मूल घामाने निथळते, त्याचे हातपाय बर्फासारखे होतात, नाडी पळू लागते, आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. एके काळी अशी मुले डोळ्यांदेखत जात. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही मुले रात्र रात्र जवळ बसून पाहिली, आणि रक्तदाबावर वापरण्यात येणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्या पुराला बांध घालते हे दाखवून दिले. १९८६ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला, आणि २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आता परिचारिकेच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की ती गोळी दिल्यावर मुलाला उठवून बसवावयाचे नाही, आईने कितीही हट्ट केला तरी कडेवर घेऊ द्यावयाचे नाही. प्राझोसिनने रक्तवाहिन्या सैलावतात, आणि उभे केल्यास रक्तदाब एकाएकी उतरतो. पुस्तकात हे एका ओळीत असते आणि वाचताना मुली ती ओळ ओलांडून जातात. विंचू चावलेले पोर डोळ्यांसमोर आणले, तर ती विसरणे अशक्य आहे.

पुन्हा भीतीकडे वळू. परीक्षेच्या किंवा ट्रेच्या भीतीत होते ते विंचवाच्या दंशातील प्रकाराचे अगदी लहान रूप असते. त्याने कोणी मरत नाही. किंबहुना थोडे भय उपयोगीच पडते. १९०८ साली अमेरिकेतील यर्किस आणि डॉडसन या दोन संशोधकांनी उंदरांना काळ्या आणि पांढऱ्या पेटीतील भेद ओळखावयास शिकविले. चूक झाली की विजेचा झटका बसे. भेद ओळखणे अवघड केले, तेव्हा मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकले आणि जबर झटक्याने त्यांचे शिकणे मंदावले. उंदरांवरून माणसाची परीक्षा करू नये हे आम्हांस मान्य आहे. तरीही वॉर्डात शिकाऊ मुलींवर सर्वांसमक्ष ओरडणाऱ्या वरिष्ठांनी आणि घरी गुणपत्रिका हातात घेऊन बसणाऱ्या वडिलांनी हा प्रयोग एकदा वाचावा, असे आम्हांस अनेकदा वाटले आहे. औषधशास्त्र हे अवघड कामच आहे.

आमच्या मते नव्या मुलीच्या मनात दोन भये एकमेकांत गुंतलेली असतात. आपल्या हातून रुग्णाला अपाय होईल, हे एक. आपण हसे होऊ, लोक नावे ठेवतील, हे दुसरे. बाहेरून दोन्हींची लक्षणे सारखीच, कारण द्रव्य एकच. परंतु पहिले भय बाटलीवरील चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचावयास लावते, आणि दुसरे भय तोंड बंद ठेवावयास लावते. यांतील भेद आम्ही पुस्तकात शिकलो नाही. तो ज्या रीतीने शिकलो ते सांगण्याची आज लाज वाटत नाही, म्हणून सांगतो.

आम्ही शिकत असताना, १९७० नंतरच्या काळात, मधुमेहावरील इन्शुलिन दोन ताकदींत येत असे, मिलिलिटरला चाळीस एककांचे आणि मिलिलिटरला ऐंशी एककांचे. पिचकारी काचेची, आणि तिच्यावर दोन्हींच्या खुणा शेजारी शेजारी कोरलेल्या. एका संध्याकाळी जेवणापूर्वी एका वृद्ध रुग्णास वीस एकके देण्याचे काम आमच्यावर आले. बाटली हातात घेतली तेव्हा ती नेहमीपेक्षा वेगळी आहे असे वाटले. विचारावयास हवे होते. पण त्या दिवशी सकाळीच आम्ही एक क्षुल्लक प्रश्न विचारला होता आणि सर्वांसमोर ‘एवढेही येत नाही?’ असे ऐकून घेतले होते. पुन्हा कोण विचारणार? आम्ही चाळीसच्या खुणांवर वीसपर्यंत औषध भरले. बाटली ऐंशीची होती. वृद्धास चाळीस एकके गेली.

रात्री दहाच्या सुमारास तो गृहस्थ घामाने डबडबला, असंबद्ध बोलू लागला, आणि आमच्या हाताला धरून आपल्या मृत पत्नीच्या नावाने हाक मारू लागला. त्या क्षणी आम्हांस बाटलीवरील आकडा जसाच्या तसा डोळ्यांसमोर दिसला. रात्रपाळीच्या सिस्टर अतिशय कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. आम्ही धावत जाऊन त्यांना सांगितले. त्या ओरडल्या नाहीत. किती वाजता दिलेस, किती दिलेस, कोणत्या बाटलीतले, एवढेच तीन प्रश्न त्यांनी विचारले. तोपर्यंत डॉक्टर आले होते, शिरेतून ग्लुकोज सुरू झाले, आणि काही मिनिटांत त्या वृद्धाने डोळे उघडून ‘काय झाले?’ असे विचारले. सिस्टरांनी सकाळी सारे नोंदवहीत लिहिले आणि आमच्याकडून त्याखाली सही घेतली. मग मात्र त्या रागावल्या. चूक झाली म्हणून नव्हे. संध्याकाळी मनात शंका आली होती असे आम्ही कबूल केले, म्हणून. तो गृहस्थ आठ दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला. आम्ही पुढे तीस वर्षांहून अधिक सेवा केली, पण इन्शुलिनची बाटली उजेडाकडे धरून आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय कधी पिचकारी भरली नाही. मुली हसत. हसोत बापड्या.

हा धोका जुना झाला असे कोणी समजू नये. ऐंशीची बाटली गेली. आज आपल्याकडे बाटलीतील इन्शुलिन बहुधा चाळीसचे असते, तिची पिचकारी लाल टोपीची. पेनमधील आणि काही बाटल्यांतील इन्शुलिन शंभरचे असते, त्याची पिचकारी केशरी टोपीची. शंभरचे औषध चाळीसच्या पिचकारीत भरले, तर रुग्णास अडीचपट मात्रा जाते. घरी आजोबांना इन्शुलिन देणाऱ्या सुनांनीही हे ध्यानात ठेवावे.

आता अभ्यास कसा करावा, याविषयी.

नावे घोकू नयेत, कुळे ओळखावीत. ही विद्या आपल्या ज्ञातीस शिकवावी लागत नाही. कोणी नवा मनुष्य भेटला, की आपण आडनाव विचारतो, मग मूळ गाव, मग कुलदैवत, मग मामाचे घर, आणि पाच मिनिटांत त्याची सारी कुंडली मांडतो. पेडणेकर म्हटले की पेडणे, मालवणकर म्हटले की मालवण. औषधांचेही तसेच आहे. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ओलॉल’ येते, जसे ऍटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, ती हृदयाची गती मंदावतात, म्हणून देण्यापूर्वी नाडी पाहावी, आणि दम्याच्या रुग्णास ती लिहून दिलेली दिसली तर डॉक्टरांना विचारावे. शेवटी ‘प्रिल’ असेल, जसे एनालाप्रिल, रामिप्रिल, तर रक्तदाब उतरतो आणि काहींना कोरडा खोकला लागतो. ‘सिलिन’ असेल, तर पूर्वी या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का, हे विचारल्याशिवाय सुई उचलू नये. अशी दहा-बारा कुळे ओळखली, की शंभर औषधांची भीती निम्मी होते. मात्र सर्वच ‘कर’ एका गावचे नसतात, हेही आपण जाणतो. ओमेप्राझोल पोटातील आम्ल कमी करते, फ्लुकोनाझोल बुरशीवर चालते, आणि मेट्रोनिडाझोल तिसऱ्याच कामाचे. शेपटी सारखी दिसते म्हणून त्यांना एका पंक्तीस बसवू नये.

दुसरे असे, की औषध म्हणजे परदेशातून बाटलीत भरून आलेली काहीतरी अगम्य वस्तू, ही समजूत मनातून काढून टाकावी. आपल्या घराभोवतीच केवढे औषधशास्त्र उगवलेले असते! कुंपणाशी उभी असलेली सदाफुली पाहा. तिच्यापासून व्हिंक्रिस्टिन निघते, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. ते फक्त शिरेतूनच द्यावयाचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील पोकळीत दिले गेले, तर रुग्ण वाचत नाही. एकच फूल, एकच औषध, आणि देण्याचा मार्ग चुकला एवढ्याने एवढे अंतर. ‘योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ’ हे पाच शब्द मुली परीक्षेत लिहितात, परंतु ‘मार्ग’ या शब्दाचा अर्थ सदाफुलीपाशी उभे राहिले म्हणजे कळतो. रानातला काजरा घ्या. त्याच्या बियांतील स्ट्रिक्निनने माणूस आचके देऊन मरतो, हे गुराख्याच्या पोरालाही माहीत असते. सर्पगंधा घ्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरील गुण तपासून १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध लिहिला, त्यानंतर साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले आणि १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरला खरा, परंतु काही रुग्णांचे मन त्याने खिन्न होई, हे ध्यानात आल्यावर आणि पुढे अधिक चांगली औषधे निघाल्यावर त्याचा वापर मागे पडला. औषधाला गुण आणि अवगुण दोन्ही असतात, आणि अवगुण प्रथम बहुधा खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेच्याच नजरेस पडतात. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. ती तेथेच असते.

हिशेबाची भीती ही आणखी एक. आमच्याकडे आलेली मुलगी म्हणाली, गणित दहावीनंतर सुटले ते सुटले. आम्ही विचारले, घरच्या काजूबिया विकावयास कोण जाते? म्हणाली, मीच. पावणेचार किलो बी असली, तर दलालाने पैसे बरोबर दिले की नाही हे तिला तोंडी कळते. मग सलाइनचा हिशेब तो वेगळा काय? पाचशे मिलिलिटर सलाइन चार तासांत संपवावयाचे आहे, नळीतून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात. एकूण थेंब दहा हजार, मिनिटे दोनशे चाळीस, म्हणजे मिनिटाला बेचाळीस थेंब. तिने हे आमच्या ओटीवर बसून वर्तमानपत्राच्या कडेवर केले, आणि एकदाही चुकली नाही. परीक्षेत मात्र चुकली होती. यावरून अडचण कोठे आहे ते उघड होते. अशा मुलींनी उत्तर काढण्यापूर्वी अंदाज बांधण्याची सवय लावावी. हिशेबात एका वेळी चार बाटल्या फोडाव्या लागतील असे निघाले, तर हिशेब चुकला असे समजून हात थांबवावा.

भाषेविषयी आमचे मत काही शिक्षकांस पटणार नाही. औषधाचे नाव इंग्रजीत असावे, आणि ते काय करते हे मुलीने प्रथम आपल्या बोलीत स्वतःशी बोलावे. आम्ही त्या मुलीस सांगितले, की घरी जा, आजीच्या गोळ्यांची पिशवी काढ, आणि प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते आजीला समजावून सांग. पिशवीत साखरेची मेटफॉर्मिन होती, रक्तदाबाची ऍटेनोलॉल होती, रक्त पातळ ठेवणारी ऍस्पिरिन होती. तिसऱ्या दिवशी मुलगी धावत आली. आजी ऍस्पिरिन रिकाम्या पोटी घेत होती आणि पोटात जळजळते म्हणून कधी कधी टाकूनही देत होती. घरात कोणाला पत्ता नव्हता. तिने ती जेवणानंतर घ्यावयास लावली, आणि जळजळ राहिल्यास डॉक्टरांना दाखवावयाचे ठरविले. या मुलीस औषधशास्त्र येत नाही, असे कोण म्हणेल?

भीती आवरण्याचे साधे उपाय आहेत, त्यांत नवे काही नाही. ट्रे उचलण्यापूर्वी श्वास सावकाश, आत घेतला त्याहून अधिक वेळ लावून बाहेर सोडावा, त्याने नाडी खाली येते, हे बोट मनगटावर ठेवून कोणासही पाहता येते. रात्री झोपावे. वाचलेले मनात मुरते ते झोपेत, आणि पहाटे दोनला उघडलेली वही सकाळी कामास येत नाही. मैत्रिणीस शिकवावे. परंतु एका गोष्टीविषयी आम्ही कठोरपणे सांगतो. औषधे हाताशी असतात म्हणून परीक्षेच्या आधी झोपेची किंवा धडधड थांबविण्याची गोळी आपल्या मनाने घेण्याचा मोह काही मुलींना होतो. तसे कदापि करू नये. झोपेच्या गोळीची सवय लागते, आणि धडधड थांबविणारी गोळी दमा असलेल्या मुलीचा श्वास कोंडू शकते. आणि आठवडे लोटले तरी झोप नाही, अन्न जात नाही, जगणे नको असे विचार येतात, असे झाले तर ते परीक्षेचे भय राहिलेले नाही, तो आजार आहे. इतर आजारांप्रमाणेच त्याला डॉक्टर आहेत, औषधे आहेत. सरकारने २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनी सेवा चालविली आहे, तिचा क्रमांक १४४१६, आणि ती मराठीतही बोलते. हा क्रमांक स्मरणिकेत ठळक छापावा, अशी संपादकांस विनंती आहे.

आता शेवटी एक गोष्ट, जी बोलताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. त्या मुलीस निघताना आम्ही विचारले, की नापास झालीस तर पुन्हा बसशील, पेटी घेऊन घरी येण्याचे कारण काय? तेव्हा तिने जे सांगितले ते ऐकून आम्ही निरुत्तर झालो. ती म्हणाली, ‘ज्ञातीची मदत बंद होणार, आणि मेळाव्यात नाव वाचणार नाहीत. मग घरच्यांनी तोंड कुठे दाखवायचे?’ बंधुभगिनींनो, आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीच्या नियमांत असे कलम आहे, की विद्यार्थी एकाही विषयात अनुत्तीर्ण झाल्यास त्याचे साहाय्य थांबते. हे कलम ज्या वडीलधाऱ्यांनी घातले त्यांचा हेतू शुद्ध होता. ज्ञातिबंधूंनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला पैसा वाया जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही स्वतः त्या वेळी मंडळावर होतो आणि त्याच्या बाजूने हात वर केला होता. म्हणून हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही. पण आज आम्हांस असे दिसते, की त्या मुलीच्या मनातील दुसरे भय, तोंड बंद ठेवणारे भय, त्यातील काही वाटा आमच्या त्या वर केलेल्या हाताचा आहे. वर्गात शंका विचारली तर कच्ची ठरेन, कच्ची ठरले तर नापास होईन, नापास झाले तर ज्ञातीत नाव जाईल. ही साखळी घेऊन जी मुलगी औषधांच्या कपाटापाशी उभी राहील, ती ‘ही बाटली चाळीसची की ऐंशीची’ हे विचारावयास जाईल काय?

म्हणून आम्ही अध्यक्षमहाराजांकडे एक लेखी सूचना दिली आहे. एका विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे साहाय्य पुढील परीक्षेपर्यंत चालू ठेवावे, आणि मेळाव्यात गुण न वाचता केवळ नावे वाचावीत. दुसऱ्या भागास विरोध होईल, याची आम्हांस कल्पना आहे. गुण ऐकण्याचा आनंद आम्हांसही ठाऊक आहे. तरी कार्यकारी मंडळाने पुढील सभेत ही सूचना विचारार्थ घ्यावी.

ती मुलगी पेटी घेऊन परत गेली. तिने औषधशास्त्राचा पेपर पुन्हा दिला आहे, आणि निकाल अद्याप लागावयाचा आहे.

नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या मुलामुलींनी एवढेच ध्यानात ठेवावे, की आम्ही रविवारी दुपारी तीननंतर उभादांड्यास घरी असतो. केव्हाही यावे. येताना वही आणावी, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या गोळ्यांची पिशवीही आणावी.